हंबीरदादाच्या वाट्याचं नेट

पडद्यावरच्या बाईंनी भुवया आक्रसल्या, खुर्ची पुढं ओढली आणि हातानं पुन्हा तेच विचारलं. खुणांची भाषा मला तोडकीमोडकीच येत होती, पण एवढं कळलं. ‘परत सांग.’

हंबीरदादानं परत सांगितलं. बोटं, मनगटं, भुवया, सगळं नीट. मी त्याच्या शेजारी, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर उभी होते आणि मला त्याचं बोट न्‌ बोट दिसत होतं. फोनच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनातही तो स्वच्छ दिसत होता. पण बाईंनी पुन्हा मान हलवली. त्यांच्या बाजूला बसलेल्या चष्मेवाल्या गृहस्थांनी खाली मजकूर पाठवला : ‘तुमचा चेहरा दिसतो, हात दिसत नाहीत. नुसते पट्टे दिसतात.’

दादानं ते वाचलं, आपले हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडं बघितलं.

बडोद्याच्या एका मूकबधिर शाळेला लहान मुलांसाठी सांकेतिक भाषेचा शिक्षक हवा होता. दादाचा मित्र तौसिफ, तोही दादासारखाच जन्मतः बहिरा, त्यानं ही जागा शोधून काढली होती. मुलाखत व्हिडिओवर आणि सगळी खुणांतच. विचारणाऱ्या पारुलबेन स्वतः बहिऱ्या. ज्याचे हात दिसत नाहीत, त्याला त्या काय विचारणार आणि तो काय सांगणार? ऐकणाऱ्या माणसाचा आवाज बंद पडावा, तसंच हे.

टाळेबंदीचा दुसरा उन्हाळा होता. मिरजेत आमचं घर तळमजल्यावर, तीन बाजूंनी इमारती. मोबाईलला घरात कशीबशी एक काडी रेंज. गच्चीवर ती मिळायची, पण आम्ही आदल्या दिवशी तिथं जाऊन बघितलं होतं. पांढरं ऊन, तापलेली फरशी, दादाच्या तोंडावर नुसती सावली. त्यामुळं सगळी भिस्त घरातल्या वायफायवर.

मी माझा फोन काढला, दुवा त्यात उघडला आणि दादाचा फोन बाजूला करून माझा डब्याला टेकवून उभा केला. पारुलबेन पुन्हा आल्या. दादानं नाव सांगितलं. त्यांनी अंगठा वर केला. दिसलं! दादा पुढं बोलू लागला आणि तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून विद्युत तानपुऱ्याचा झंकार सुरू झाला. आप्पांचा गाण्याचा क्लास. क्षणात पारुलबेनचा अंगठा खाली आला.

मी स्वयंपाकघरात पळाले. आई ओट्यापाशी उभी राहून मोबाईलवर कीर्तन बघत होती.

“आई, नेट बंद कर. आत्ता.”

“अगं, आता तर रंगात आलंय.”

“दादाचं चाललंय ना.”

आईनं काही न विचारता फोन बंद करून डब्यात ठेवला, जणू तो उडून जाईल. तिला मुलाखतीचं माहीत होतं. आप्पांना नव्हतं. मी टीव्हीच्या डब्याची पिन काढली. ऑफिसनं मला कामासाठी दिलेला कॉम्प्युटर बंद केला, त्यात अर्धवट भरलेले विम्याचे दावे तसेच सोडून. परत आत आले. दादा हात हवेत धरून बसला होता, पुतळ्यासारखा. हळू केलं तर दिसेल, असं त्याला वाटत होतं. चष्मेवाल्यांचा मजकूर आला होता : ‘थोडा वेळ थांबतो. नाही जमलं तर पुढच्या उमेदवाराला आत घेऊ. माफ करा.’

मी दादाचा बाजूला ठेवलेला फोन उचलून मागच्या दाराशी गेले आणि नेटवाल्या इक्बालला लावला. आमच्या गल्लीतल्या सगळ्या लाइनी तोच बघायचा.

“इक्बालभाई, आम्हाला समोरचे चांगले दिसतात, त्यांना आम्ही दिसत नाही. असं कसं?”

“खाली यायची वाट रुंद असते, ताई. वर जायची अरुंद. तुमचा व्हिडिओ वर जातो. घरात अजून कोण वर पाठवतंय?”

“मी सगळं बंद केलंय. फक्त आप्पांचा क्लास चालू आहे.”

“मग झालं की. सरांच्या टॅबला पहिला नंबर दिलाय राऊटरमध्ये. तो चालू असला की वरची वाट आधी त्याला. उरलं तर बाकीच्यांना वाटून.”

“पण दादाचा तर सकाळीही असाच त्रास असतो. तेव्हा कुठं क्लास असतो?”

इक्बालनं आवाज खाली आणला.

“हंबीरभाईच्या फोनला लिमिट आहे,” तो म्हणाला. “वर जाणाऱ्याला. अगदी जेमतेम ठेवलंय. सरांनीच सांगितलेलं, गेल्या वर्षी. मला वाटलं, घरात ठरलं असेल.”

“आत्ता काढा ते.”

“इथनं नाही निघत. राऊटरच्या आत जावं लागतं आणि पासवर्ड सरांनी बदललाय.”

मी दाराला टेकून उभी राहिले. गेलं वर्षभर काय चाललं होतं, ते आत्ता माझ्यापुढं सरळ उभं राहिलं. दादाचं फ्लेक्स छापायचं दुकान बंद पडलं होतं. त्याचे मित्र सांगलीला, कोल्हापूरला, हुबळीला घराघरांत अडकलेले. व्हिडिओ हाच त्यांचा कट्टा. त्यात दादा कायम अस्पष्ट. मित्रांनी त्याला नवं नाव ठेवलं होतं, तोंडासमोर बोटं फिरवून, ‘धुकं’. तो हसायचा. पण मग मी त्याला आरशासमोर बघायला लागले. तो खुणा करायचा, थांबायचा, मनगट फिरवून बघायचा, पुन्हा करायचा. मी विचारलं तेव्हा म्हणाला होता, माझे हात बिघडलेत. बरेच दिवस बोललं नाही की जीभ जड होते, तसं काहीतरी झालंय. त्याला मित्र स्वच्छ दिसत होते. स्वतःही स्वच्छ दिसत होता. मग दोष कुणाचा? त्यानं तो आपल्या बोटांवर घेतला होता.

मी बाहेरच्या खोलीत गेले.

माझे वडील श्रीपाद गुरव गाणं शिकवत. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या देवळातला सनई-चौघडा होता. आप्पा त्यातून बाहेर पडून गायकीकडं वळले. मुलगा झाला तेव्हा आवडत्या रागावरून त्याचं नाव हमीर ठेवलं. शाळेत त्याचं हंबीर झालं. तो ऐकू शकत नाही, हे कळेपर्यंत दीड वर्ष गेलं होतं. त्यानंतर आप्पांनी जे केलं, ते सगळ्या गल्लीनं बघितलं. रोज पहाटे पोराला समोर बसवून एकेक अक्षर त्याच्या तोंडातून काढलं. वाचाशिक्षक म्हणाले होते, हातवारे करू दिलेत तर बोलणार नाही. तेव्हापासून आमच्या घरात हातानं बोलायला बंदी. दादा बोलायला शिकला. सपाट, जड आवाजात, घरच्यांनाच कळेल असं. बाहेर दुकानात लोक दोनदा ‘काय?’ म्हणायचे आणि तिसऱ्यांदा माझ्याकडं बघायचे. खुणांची भाषा तो पुढं तौसिफकडून शिकला, चोरून, विशी ओलांडल्यावर.

आप्पा गादीवर बसले होते. समोर स्टँडवर टॅब, त्यात तीन विद्यार्थी, एक पुण्याचा, एक बेळगावचा, एक मस्कतची बाई. आप्पांचा उजवा हात मांडीवर ताल देत होता. मी आत येताच त्यांनी डाव्या हातानं मला ‘थांब’ केलं.

मी थांबले नाही.

“आप्पा, कॅमेरा बंद करा.”

त्यांनी टॅबचा आवाज बंद केला. “क्लास चाललाय, दुर्गा.”

“दादाचा इंटरव्ह्यू चाललाय.”

“कसला?”

“बडोद्याच्या शाळेतला. बहिऱ्या मुलांना शिकवायची नोकरी आहे.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“सांगितलं असतं तर काय म्हणाला असता?”

“काय शिकवणार तो त्यांना? हातवारे?”

“हो. तेच.”

तानपुरा चालूच होता. आप्पांनी हात लांब करून तो बंद केला. खोली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली.

“तुम्ही त्याच्या फोनला लिमिट लावलंत,” मी म्हणाले.

“लावलं.” ते माझ्याकडं न बघता म्हणाले. “टाळेबंदी लागल्यापासनं तो माझ्याशी किती बोललाय, ऐकलंस तू? आधी जेवताना तरी बोलायचा. आमटी वाढ म्हणायचा. आज दुकानात हे झालं, ते झालं, सांगायचा. आता ताटावर बसला तरी डोळे त्या फोनात. मी त्याच्या तोंडात घातलेला शब्द न्‌ शब्द पुसला जायला लागला, माझ्यादेखत. वाटलं, तिकडं कंटाळला तर इकडं बोलंल.”

“इकडं बोलला?”

आप्पांनी स्टँडचा स्क्रू उगाच घट्ट केला.

“ते सगळे त्याला दिसत होते, आप्पा. तो एकटाच त्यांना दिसत नव्हता. त्याला वाटतंय, आपले हात बिघडलेत. आरशात बघून सराव करतोय तो, वर्ष झालं.”

पडद्यावर तिघं विद्यार्थी तोंडं हलवत होते, ‘गुरुजी, ऐकू येत नाही,’ असं काहीतरी म्हणत असावेत. आप्पा त्यांच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी आवाज सुरू केला.

“मंडळी, मी कॅमेरा बंद करतोय. नुसतं ऐका.”

मस्कतच्या बाई लगेच म्हणाल्या, “गुरुजी, तुमचा हात दिसला नाही तर मला तालाची समच सापडत नाही हो.”

आप्पांचा हात मांडीवर तसाच होता, ताल अर्धवट सोडलेला. त्यांनी तो उचलला, एकदा बघितला आणि पुन्हा खाली ठेवला.

“मग आज इथंच थांबू,” ते म्हणाले. “घरात काम आहे.” आणि त्यांनी टॅब बंद करून पालथा घातला. “जा. बघ लागतंय का.”

मी धावले. आतल्या खोलीत दादा खुर्चीतून अर्धवट उठला होता. फोनवर चष्मेवाले काहीतरी टंकत होते, बहुतेक निरोपाचंच. मी दादाच्या खांद्यावर हात मारला, बस म्हटलं. तो बसला, पडद्यासमोर हात उचलला आणि विचारलं, ‘दिसतंय?’

पारुलबेन पुढं झुकल्या. मग त्यांचा सगळा चेहरा उघडला. दोन्ही हात वर करून त्यांनी बोटं हलवली, टाळ्या वाजवतात तशी.

त्यानंतर मी जे बघितलं, ते त्याआधी आमच्या घरात कुणी बघितलं नव्हतं. दादा बोलत होता. भराभर, अडखळल्याशिवाय, मध्येच चिडवत, मध्येच गाल फुगवून एखाद्या लठ्ठ माणसाची नक्कल करत. पारुलबेन हसून खुर्चीत मागं गेल्या. चष्मेवाल्यांनाही हसू आवरेना. मला चारातली एखादी खूण लागत होती. घरात ताटावर खाली मान घालून ‘आमटी वाढ’ म्हणणारा माणूस हाच, हे मला स्वतःला पटवून द्यावं लागत होतं. तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी एकदा राऊटरच्या दिव्यांकडं बघत होते, एकदा फोनच्या बॅटरीकडं. आई दाराच्या आड पदर मुठीत धरून उभी होती.

पारुलबेननी सांगितलं, आता समोर सहा वर्षांची मुलं आहेत असं समज आणि ‘माझं घर’ शिकव.

दादानं हवेत छप्पर काढलं, दार काढलं. मग एकेक माणूस. आईसाठी त्यानं हाताच्या मुठीनं काहीतरी घुसळल्यासारखं केलं. माझ्यासाठी कपाळावरची बट मागं सारली. मी दिवसातून शंभरदा तशी सारते, हे मला तेव्हा कळलं. आणि मग त्यानं तळहात छातीवर ठेवला आणि तो थरथरवला.

ती खूण मला माहीत होती. मित्रांशी बोलताना तो ती नेहमी करायचा. छातीवर हात, थरथर. किती वर्षं मी त्याचा एकच अर्थ लावला होता, भीती. आप्पांची, घराची, इथल्या सगळ्याची भीती. म्हणून तर मी त्याला कधी विचारलं नव्हतं. ती आज त्यानं परक्या लोकांपुढं मांडली होती, आणि मान वळवली तर आप्पा आईच्या मागं उभे.

“हे काय म्हणाला?” त्यांनी हळूच विचारलं.

मी त्यांना ‘थांबा’ म्हणून हात केला.

पारुलबेननाही ती खूण नवी असावी. त्यांनी भुवया उंचावल्या. दादानं हात पुढं केले आणि उलगडून दाखवलं. सावकाश, खरोखर सहा वर्षांच्या मुलांना दाखवावं तसं. एक लहान मूल. मोठा माणूस त्याला मांडीवर घेतो. मोठ्या माणसाचं तोंड उघडतं. मुलाला काहीच कळत नाही, ते इकडंतिकडं बघतं. मग मूल आपला गाल त्या माणसाच्या छातीला लावतं. आणि तिथं, गालाखाली, काहीतरी हलायला लागतं. मुलाचे डोळे मोठे होतात.

दादानं पुन्हा छातीवर तळहात ठेवला, थरथरवला, आणि बोटानं लिहिल्यासारखं एकेक अक्षर दाखवलं.

खुणांतली अक्षरं मला येत होती. दोनच अक्षरं होती, ‘आप्पा’.

“तुम्ही आहात,” मी म्हणाले. “ते तुमचं नाव आहे, आप्पा. त्यानं ठेवलेलं.”

आप्पांनी दाराच्या चौकटीला हात लावला. आई तोंडात पदर धरून आत निघून गेली. आप्पा मात्र मुलाखत संपेपर्यंत हलले नाहीत. एक शब्द कळत नसताना, मुलाच्या हातांकडं बघत उभे राहिले. कॉल संपल्यावर दादा मागं वळला, त्यांना बघितलं आणि पटकन हात मांडीवर घेतले, लहानपणच्या सवयीनं.

“चांगलं झालं,” आपल्या जड आवाजात तो म्हणाला. “नोकरी. बडोदा. सांगणार होतो.”

आप्पांनी चौकटीवरचा हात काढला. “जेवून घे,” एवढंच म्हणाले. दुपारची जेवणं केव्हाच झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इक्बालला बोलावून घेतलं आणि राऊटरचा पासवर्ड सांगितला. इक्बालनं लिमिट काढलं, मग विचारलं, “सर, पहिला नंबर कुणाला देऊ?”

“कुणालाच नको,” आप्पा म्हणाले. “ज्याला जेव्हा लागेल तेव्हा त्यानं घ्यावं.”

ते काही तसं सोपं झालं नाही. दादाचे हात तौसिफला स्वच्छ दिसू लागले आणि आप्पांचा क्लास अधूनमधून अडकू लागला. त्यावरून कुरबुरी झाल्या. कधी आप्पा उठून दारात येत, मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवत, आणि दादा कॉल संपवी. कधी दादा दारात जाऊन उभा राही आणि आप्पा कॅमेरा बंद करून नुसतं गात. जेवताना दादा जास्त बोलू लागला, असंही नाही. आप्पांनी खुणा शिकायचं नाव काढलं नाही. नोकरी मिळाल्याचं कळलं तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, “तिथं गेल्यावर बोलायचं विसरशील.” दादानं त्यांच्या ओठांवरून ते वाचलं आणि खांदे उडवले.

शाळा उघडायला पुढचं वर्ष उजाडलं. मिरज जंक्शनवर आम्ही तिघं आणि तौसिफ त्याला सोडायला गेलो. शाळेनं वातानुकूलित डब्याचं तिकीट काढून दिलं होतं. सामान लावून दादा खिडकीशी बसला. आमच्यामध्ये जाड काच, न उघडणारी.

सगळ्या फलाटावर त्या काचांसमोर माणसं ओरडत होती. आमच्या शेजारी एक बाई आपल्या मुलीला सांगत होत्या, “डबा आधी खा, डबा,” आणि आतली मुलगी कानाला हात लावून ‘काय? काय?’ करत होती. एक म्हातारे गृहस्थ काचेवर टकटक करून थकले होते. आईसुद्धा “पोचलास की कळव” म्हणून दोनदा ओरडली, आणि मग ओशाळून गप्प बसली.

दादा आणि तौसिफ निवांत गप्पा मारत होते. काच जणू नव्हतीच. तौसिफनं काहीतरी विचारलं, दादानं डब्यातल्या समोरच्या प्रवाशाबद्दल काहीतरी सांगितलं, दोघं हसले. शेजारच्या बाई डबा विसरून त्यांच्याकडं बघायला लागल्या. आप्पाही बघत होते. एकदा त्या ओरडणाऱ्या लोकांकडं, एकदा या दोघांकडं.

गाडीनं हिसका दिला. आप्पा पुढं झाले, काचेपाशी. तोंड उघडलं, मिटलं. मग त्यांनी दोन्ही हात वर केले.

ते काय करत होते, मला समजलं नाही. ती सांकेतिक भाषा नव्हती, ती त्यांना येतच नव्हती. बोटं जुळवली, सोडली, एक हात लांब नेला, छातीशी आणला, पुन्हा बाहेर काढला. गाडीबरोबर ते चालू लागले आणि हात चालूच राहिले. भर फलाटावर, चार लोकांत. दादा काचेला कपाळ टेकवून एकटक बघत होता. मग त्यानं हो म्हणून मान हलवली. दोनदा, तीनदा. आणि त्याचा डबा पुढं निघून गेला.

घरी जाताना आम्ही रिक्षा केली. मी विचारलं, “आप्पा, काय सांगितलंत त्याला?”

ते बाहेर बघत होते.

“मला काय ठाऊक,” ते म्हणाले. “पण त्यानं मान हलवली.”